तळं काय देतं, पोत्यातून काय द्यायचं: नव्या मत्स्यपालकासाठी खाद्याची ओळख

मे महिना सरत आला की फोन सुरू होतात. शेततळं खोदून झालेलं असतं, प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, विहिरीचं नाहीतर कॅनॉलचं पाणी भरायचं चाललेलं असतं आणि पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "दादा, खाद्य कुठल्या कंपनीचं घेऊ?" मी उलटा विचारतो, "तळं मातीचं की कागदाचं?" बहुतेकांना वाटतं मी टाळतोय. पण या एका उत्तरावर तुमचा निम्म्याहून जास्त खर्च ठरतो. मासे पाळायच्या चालू खर्चात खाद्याचा वाटा साधारण ५० ते ६० टक्के असतो. दाट पाळले तर त्याहून वर जातो. बीज (तळ्यात सोडायची पिल्लं) स्वस्त मिळालं, पाणी फुकट मिळालं, तरी खाद्यात चुकलात तर हाती काही उरत नाही.

हा लेख इंदापूर, दौंड, बारामती, शिरूरकडच्या नव्या लोकांसाठी आहे. पुण्यात नोकरी करून गावाकडच्या तळ्यात मासे टाकायचा बेत करणाऱ्यांसाठीही आहे. (तुमची संख्या हल्ली फार वाढली आहे. शनिवारी-रविवारी जाऊन मासे मोठे होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.)

पहिली पायरी: मासळी बाजारात जाऊन माशाचं पोट बघा

गंमत नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी जा, एक रोहू घ्या, एक चिलापी घ्या आणि कापणाऱ्याला सांगा की आतडी टाकू नको, दाखव. रोहूचं आतडं गुंडाळी करून बसवलेल्या बारीक दोरीसारखं निघतं. सरळ केलं तर माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरतं. आणि जठराची पिशवी शोधलीत तर सापडणार नाही, कारण कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या कार्प मंडळींना जठर नसतंच. गायीसारखं एकदाच भरपूर खाऊन निवांत बसणं यांना जमत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं, हा त्यांचा धर्म. चिलापीला मात्र जठर असतं आणि त्यातलं आम्ल इतकं तीव्र की शेवाळाच्या पेशीही फुटतात. पंगसलाही जठर आहे.

आता तोंडं बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) टिपतो. रोहूच्या ओठांना झालर असते, तो मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली, तळातला कुजका पाला आणि गाळ हे त्याचं ताट. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो. म्हणून तर आपल्याकडे एका तळ्यात तीन-चार जाती एकत्र सोडतात. एकच तळं, पण पंगती वेगळ्या.

हे पोट डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं. 'दिवसातून एकदा ढीगभर टाकलं की झालं' हा विचार तिथेच गळून पडतो.

दुसरी पायरी: तळं स्वतः किती खाऊ घालतं ते मोजा

मातीच्या तळ्यात शेणखत, थोडं सुपर फॉस्फेट पडलं की पाणी हिरवं होतं. त्या हिरव्यात वनस्पतीप्लवंग, त्यावर जगणारे प्राणीप्लवंग, तळात किडे, अळ्या. हे सगळं उत्तम प्रथिन आहे आणि त्यात जीवनसत्त्वंही आहेत. अशा तळ्यात बाहेरून टाकायचं ते पूरक खाद्य. म्हणजे ताटातली मुख्य भाकरी तळं देतंय, तुम्ही कालवण वाढताय.

मोजायचा उपाय साधा आहे. सकाळी दहाच्या सुमाराला काठावर बसा, तळहात पसरून हात सरळ पाण्यात घाला. पाणी कोपराला लागेपर्यंत तळहात दिसेनासा झाला तर ठीक, प्लवंग पुरेसे आहेत. मनगटापाशीच हात गायब झाला तर पाणी फार दाट झालंय, खत थांबवा. दंड बुडाला तरी बोटं मोजता येताहेत म्हणजे तळं उपाशी आहे. मात्र पाणी गढूळ असेल तर ही परीक्षा खोटी ठरते. हिरवेपणा आणि गढूळपणा यांतला फरक ओंजळीत पाणी घेऊन बघा.

कागदाच्या शेततळ्यात तळाला मातीच नाही. माती नाही म्हणजे किडे-अळ्या नाहीत, स्फुरदाचा साठा नाही, प्लवंग आले तरी टिकत नाहीत. बिचारा मृगळ कागदावर काय चरणार? इथे तुम्हाला संपूर्ण खाद्य द्यावं लागतं, ज्यात प्रथिनांपासून जीवनसत्त्वांपर्यंत सगळं आहे असं. उजनीच्या पिंजऱ्यांचंही तसंच. आजूबाजूला अख्खं धरण आहे, पण जाळीत दाटीने ठेवलेल्या माशाला त्यातलं फारसं मिळत नाही. बायोफ्लॉकच्या टाकीत मात्र विष्ठेतला नत्र आणि वरून घातलेला गूळ यांच्यावर जिवाणूंचे पुंजके वाढतात आणि चिलापी ते खाते. तिथे काही भाग टाकीच देते. पण बायोफ्लॉकने सुरुवात करू नका. वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही तर तासाभरात खेळ संपतो.

शेजाऱ्याने मातीच्या तळ्यात पेंड-कोंड्यावर चांगलं उत्पादन काढलं, म्हणून तेच कागदाच्या तळ्यात करायला गेलेले मी कितीतरी बघितले. आठ महिन्यांनी मासे हाताएवढे लांब आणि डोकी मोठी, अंग सुकलेलं. खाद्य वाईट नव्हतं, तळं वेगळं होतं.

तिसरी पायरी: पोत्यात काय असतं ते समजून घ्या

कोंबडीच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरतात. माशाला मात्र २८ ते ३२ टक्के लागतात, अगदी लहान पिल्लांना ३५ ते ४०. कारण मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला त्याला ऊर्जा लागत नाही, पाणी वजन पेलतं म्हणून उभं राहायलाही लागत नाही. त्याची एकूण ऊर्जेची भूक कमी असते, आणि जी लागते तीही तो बऱ्याच प्रमाणात प्रथिनांतूनच काढतो. म्हणून टक्केवारी चढी दिसते.

पण नुसत्या टक्केवारीला भुलू नका. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातली दहा अशी आहेत की माशाला स्वतः बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. त्यांतलं एक जरी कमी पडलं तरी वाढ तिथेच अडते आणि उरलेलं प्रथिन अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात जातं. म्हणजे पैसे तुमचे, विषही तुमच्याच तळ्यात.

हे आपल्याला नवीन नाही. वरण-भात आपण उगीच खात नाही. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी (दोन्ही त्या दहांतलीच), दोन्ही एका ताटात आले की हिशेब जुळतो. शेंगदाणा पेंडीत दोन्ही कमी पडतात. सोयापेंडीत लायसिन भरपूर, मेथिओनिन तोकडं. तिळाच्या पेंडीत नेमकं उलटं. म्हणून एकाच पेंडीवर मासे वाढवणं म्हणजे नुसत्या भातावर पोर वाढवणं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तेल ५-६ टक्के ठीक, पण खवट नको. स्फुरद हवं, मात्र धान्यातलं बरंचसं स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं, मासा ते सोडवू शकत नाही, म्हणून खाद्यात फायटेज नावाचं विकर घालतात. आणि क जीवनसत्त्व: गाय-म्हैस ते शरीरात बनवते, आपले हे मासे बनवू शकत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत दाटीने पाळलेल्या कॅटफिशचे कणे वाकडे होऊ लागले, तेव्हा कारण निघालं ते हेच. मातीच्या तळ्यातल्या माशांना असं होत नव्हतं, कारण त्यांना प्लवंगातून ते मिळत होतं. तुमच्या कागदाच्या तळ्यात पाठीला बाक आलेले मासे दिसले तर आधी खाद्याच्या पोत्याची तारीख बघा. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणीत उडून जातं.

थोडं मागचं, कारण त्यावाचून आजचं पोतं कळत नाही

१९५७ साल या धंद्यात फार मोलाचं. त्या वर्षी १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. नदीतून बीज गोळा करायची गरज संपली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आपण पाळतो तो त्यामुळेच. त्याच साली अमेरिकेत जॉन हॅल्व्हर यांचं चिनूक सॅमनवरचं काम प्रसिद्ध झालं. शुद्ध घटकांचं खाद्य तयार करायचं, त्यातलं एकेक जीवनसत्त्व काढून घ्यायचं आणि मासा कशाने आजारी पडतो ते बघायचं. मत्स्यपोषणशास्त्र उभं राहिलं ते अशा चाचण्यांवर.

आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षं खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मे निम्मे. तळी मातीची, मासे विरळ, त्यामुळे चालून गेलं. आंध्रात कोलेरूच्या बाजूला मोठमोठी तळी झाली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी तेल काढलेला कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगायला सुरुवात केली. रोहू येऊन पोत्याला तोंड लावून ओढून खातो. अजूनही गणेश पेठेत बर्फातून येणारा बराचसा रोहू-कटला याच पद्धतीने वाढलेला असतो.

कारखान्यातलं खाद्य आलं ते कोळंबीमागून. कोळंबीचा पैसा मोठा, त्यामुळे महाग खाद्य परवडायचं. २००९ साली व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाली आणि किनाऱ्यावरच्या खाद्य कारखान्यांनी वेग घेतला. पंगस आणि चिलापी दाटीने पाळणं सुरू झालं तसं तरंगतं खाद्य गोड्या पाण्यातही आलं. पुणेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. कोंबडीच्या धंद्यात पिल्लू, खाद्य, औषध, अंड्याचा भाव अशी साखळी कशी बांधली जाते ते या शहराने व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या काळापासून बघितलंय. मका आणि सोयापेंडीचे व्यापारीही तेच. आज सोयाचा भाव चढला की कोंबडीवाला आणि मासेवाला एकाच वेळी कपाळाला हात लावतात.

मग सोया एवढं का? कारण फिशमील. वाळवून दळलेल्या मासळीइतकं संतुलित प्रथिन दुसरं नाही. पण त्याची भिस्त समुद्रावर. पेरूच्या किनाऱ्यावर १९७० साली एक कोटी वीस लाख टनांहून जास्त अँचोव्हेटा मासळी धरली गेली. १९७२ चा एल निनो आणि आधीची बेसुमार मासेमारी, दोन्हींचा फटका बसला आणि १९७३ ला आकडा वीस लाख टनांच्या खाली आला. जगभर फिशमीलचे भाव भडकले. तेव्हापासून आजपर्यंतचं खाद्यसंशोधन बरंचसं एकाच प्रश्नाभोवती फिरतंय: मासळीच्या जागी काय? सोया भाजून त्यातले पचनरोधक घालवा, कृत्रिम मेथिओनिन घाला, विकरं घाला. युरोपीय संघाने २०१७ साली माशांच्या खाद्यात कीटकांपासूनचं प्रथिन वापरायला मुभा दिली. आपल्याकडे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (१९६१ पासून), भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथली गोड्या पाण्याची संस्था सिफा, चेन्नईची निमखाऱ्या पाण्याची संस्था सिबा इथे हेच काम चालतं. सिफाने प्रजननक्षम माशांसाठी 'सिफाब्रूड' हे खाद्य काढलं आणि निवड पद्धतीने वाढवलेला 'जयंती रोहू'ही त्यांचाच. जयंती रोहू लवकर वाढतो खरा, पण खाद्य पोसणारं असेल तर. जातिवंत गाय आणून कडब्यावर बांधल्यासारखं करू नका.

२०२२ साली जगात पाळीव जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच धरलेल्या मासळीपेक्षा जास्त भरलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे आकडे सांगतात. म्हणजे ही खाद्याची भूक आता कमी होणारी नाही.

चौथी पायरी: दुकानात पोतं निवडताना

पोत्यावर लिहिलेलं प्रथिन म्हणजे 'क्रूड प्रोटीन'. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, बस. नत्र कशातून आलं ते त्या आकड्याला कळत नाही. युरिया मिसळला तरी आकडा वाढतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं होतं ते याच पळवाटेने. तेव्हा ३२ टक्के छापलेलं स्वस्त पोतं दिसलं की आनंदून जाऊ नका. भारतीय मानक ब्युरोचं माशांच्या खाद्यासाठी आयएस १६१५० हे मानक आहे, त्याचा उल्लेख आहे का बघा. उत्पादनाची तारीख बघा. तीन महिन्यांवरचा माल मी घेत नाही.

मग एक मूठ मागून घ्या आणि घरी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाका. तरंगतं खाद्य असेल तर दहातले नऊ दाणे तरी वर राहायला हवेत. पंधरा मिनिटांनी एक दाणा चिमटीत धरा. मऊ झालेला, पण अख्खा हवा. पाणी लगेच पिवळट गढूळ झालं, तळाला पीठ साचलं, तर ते पीठ तुमच्या तळ्यात कुजणार आहे. आता कोरडा दाणा मधोमध मोडा. आत कणी एकसारखी बारीक दिसली पाहिजे. टरफलं, भरड मक्याचे तुकडे दिसले तर दळण नीट झालेलं नाही आणि पचनही होणार नाही. शेवटी वास. चांगल्या खाद्याला सुकटीचा, भाजलेल्या डाळीचा वास येतो. कुबट, जुन्या तेलाचा वास आला तर परत करा.

तरंगतं की बुडतं? नव्या माणसाने तरंगतंच घ्यावं, किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी. मासे खाताहेत की नाही ते डोळ्यांना दिसतं, हेच त्यातलं मोठं मोल. मिश्रण वाफेवर दाबून जाळीतून बाहेर काढताना फुलतं, कुरमुऱ्यासारखं, म्हणून तरंगतं. शिजल्यामुळे पिष्ट पचायलाही सोपं होतं. दाण्याचा आकार माशाच्या तोंडाच्या निम्म्याहून लहान ठेवा. बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) १ मिलिमीटर, पुढे २, ३, ४ असं चढत जायचं.

पाचवी पायरी, ज्यांना घरी खाद्य करायचं आहे त्यांच्यासाठी

मातीच्या तळ्यासाठी हे चालतं. समजा शेंगदाणा पेंडीत ४० टक्के प्रथिनं आहेत, राईस पॉलिशमध्ये (तांदूळ पॉलिश करताना निघणाऱ्या बारीक कोंड्यात) १२ टक्के, आणि तुम्हाला २८ टक्के हवेत. २८ मधून १२ वजा, १६ आले, ते पेंडीचे भाग. ४० मधून २८ वजा, १२ आले, ते पॉलिशचे. प्रमाण १६ ला १२, म्हणजे ४ ला ३. ७० किलोच्या मिश्रणात ४० किलो पेंड, ३० किलो पॉलिश. निम्मी पेंड काढून तिथे सोयापेंड घातलीत तर अमिनो आम्लांचा तोल सुधारतो, वर किलो-दीड किलो खनिज मिश्रण. रात्रभर भिजवून गोळे करा आणि पाण्यात टांगलेल्या घमेल्यांत ठेवा. कोरडं पीठ वाऱ्यावर उधळू नका, ते खत होतं, खाद्य होत नाही.

गोठ्यात सरकी पेंड पडलेलीच आहे, ती घालू का, असं हमखास विचारतात. थोडी चालते. जास्त नको, कारण तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लायसिनला अडकवून ठेवतं. आणि दुसरं कारण बुरशीचं. १९६० साली अमेरिकेत हॅचरीतल्या ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाल्याचं आढळलं. तपासात गुन्हेगार निघाली खाद्यातली बुरशी लागलेली सरकी पेंड. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने. दोन्हीकडे विष एकच, अफ्लाटॉक्सिन. हे विष शिजवून जात नाही, उन्हात घालून जात नाही. वरची बुरशी झटकली तरी ते आत राहतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी बारा पोती शेडच्या भिंतीला टेकवून जमिनीवर रचली होती. भिंतीला ओल. खालची तीन पोती उघडली तर दाणे एकमेकांना चिकटलेले, हिरवट. "वरचं चांगलंय, वापरू की," असं घरातले म्हणत होते. खड्डा करून पुरली. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, एका वेळी महिनाभराचंच: हा नियम तेव्हापासून.

एक गोष्ट आणखी. कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसं फुकट मिळतात म्हणून कुणी थायी मांगूर पाळायचा सल्ला देईल. त्या माशाला देशात बंदी आहे आणि अशी तळी शासन नष्ट करतं. तिकडे बघूसुद्धा नका.

सहावी पायरी: किती, कधी आणि कधी नाही

३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात जुलैत १,८०० बोटुकली सोडली असं धरू. दोन महिन्यांनी १,५०० उरल्या, सरासरी वजन १०० ग्रॅम. एकूण १५० किलो मासा. या वयात वजनाच्या ४ टक्के, म्हणजे रोज ६ किलो खाद्य. मासा ३०० ग्रॅमचा झाला की एकूण ४५० किलो, पण टक्का अडीचवर आणायचा, रोज सव्वाअकरा किलो. अर्धा किलोच्या पुढे दीड ते दोन टक्के. बोटुकलीला सुरुवातीला ६ ते ८. दर पंधरा दिवसांनी पाग (फेकजाळं) टाकून तीस-चाळीस मासे धरा, बादलीत पाण्यासकट वजन करा, सरासरी काढा, मात्रा बदला. अंदाजाने वाढवू नका. मालकाचा अंदाज नेहमी जास्तच असतो.

दिवसाची मात्रा दोन-तीन वेळा विभागून, एकाच जागी, ठरलेल्या वेळी. सकाळी ऊन चढल्यावर, नऊच्या पुढे. पीव्हीसी पाइपचा चौकोन पाण्यावर तरंगत ठेवा आणि खाद्य त्यातच टाका, नाहीतर वाऱ्याने सगळं काठाला लागतं. पंधरा-वीस मिनिटांत संपायला हवं. उरलं तर पुढची वेळ कमी करा.

आता कधी टाकायचं नाही ते. एका आषाढात तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. मी पुण्यात, गड्याला फोनवर सांगितलं नाही, आणि तो बापडा रोजच्यासारखं मोजून खाद्य टाकत राहिला. चौथ्या दिवशी पहाटे पाचला त्याचा फोन. जाऊन बघतो तर सगळं तळं तोंडं वर काढून बसलेलं. हजार तोंडांचा तो चप-चप आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ऊन नाही म्हणून प्लवंगांनी प्राणवायू केला नाही, आणि न खाल्लेलं खाद्य कुजताना होता तोही खाऊन गेलं. पंपाने पाणी फवारून निम्मे वाचले. प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. मोजायचं किट परवडतं, घ्या. ढगाळ दिवशी निम्मं खाद्य, सलग दुसऱ्या ढगाळ दिवशी बंद. उपाशी मासा दोन दिवसांत मरत नाही.

थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत इकडे पाणी २० अंशांच्या खाली जातं तेव्हा रोहू-कटला खाणं कमी करतात, पंगस तर जवळजवळ सोडतो. मात्रा निम्म्यावर आणा आणि दुपारी टाका.

वही

रोजचं खाद्य, पंधरवड्याचं वजन, मेलेले मासे. एवढंच लिहा. एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य गेलं, हा एकच आकडा शेवटी कामाचा. समजा एक खाद्य ४० रुपये किलो आणि दीड किलोत एक किलो मासा देतं. खर्च ६० रुपये. दुसरं ३२ रुपये किलो, पण सव्वादोन किलो लागतं. खर्च ७२ रुपये. स्वस्त कुठलं, ते दुकानदार सांगणार नाही, वही सांगते.

खाद्याची गिरणीच टाकायचा विचार असेल तर आधी दोन हंगाम मासे पाळा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत रोज २ टनांच्या लहान गिरणीसाठी ३० लाख, ८ टनांसाठी १ कोटी, २० टनांसाठी २ कोटी रुपये प्रकल्पखर्च धरलेला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज सध्या घेताहेत का, ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याने तळ्याच्या वीजबिलात काय फरक पडतो तेही तिथेच समजून घ्या. गिरणीत खरा कस यंत्राचा लागत नाही, कच्च्या मालाचा लागतो. सोयाचं पीक निघतं ऑक्टोबरात, तुमचं गिऱ्हाईक खाद्य मागतं जुलैपासून. मधले महिने माल कोरडा आणि बुरशीमुक्त ठेवायचं गोदाम आहे का, त्यात पैसा अडकवायची ताकद आहे का, हे आधी बघा.

शेवटची पायरी: खाद्य बंद

भिगवणला लोक रोहित पक्षी बघायला येतात, मी सकाळचा मासळीचा लिलाव बघायला जातो. तिथे पोट फुगलेला मासा अनुभवी व्यापारी अंगठ्याने दाबून बाजूला सारतो. भरल्या पोटाचा मासा वाटेत लवकर नासतो आणि पोटाकडून फुटतो. म्हणून काढणीच्या आधी किमान एक दिवस खाद्य पूर्ण थांबवा. ओढजाळं भल्या पहाटे लावा, मासा आधी स्वच्छ पाण्यात धुवा, मग बर्फ: एक थर बर्फ, एक थर मासा, बर्फ निम्म्याहून कमी नको. गाडी सहाच्या आत निघायला हवी.